ठाण्याचे चार रक्तसाक्षी : संतकथा आणि इतिहास



चंद्रपूर शहर कसें वसलें ही कथा त्या जिल्ह्यांत लहान मुलांनाहि ठाऊक असते. खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा अंगावरील व्रणांनीं पिडलेला होता. झरपट नदीच्या पात्रांतील एका खळग्याचें पाणी अंगाला लागतांच त्याचे व्रण बरे झाले, व त्या जागीं अचलेश्वराचें देऊळ उभें राहिलें. पुढें एके दिवशीं एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग करतांना दिसला, तेव्हां राणीच्या सल्ल्यानें राजानें तेथेंच कोट बांधून नगर वसविण्याचें ठरविलें. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा जो अहवाल मेजर लूसी स्मिथ यांनीं १८६९ सालीं लिहिला, त्यांत ही कथा नोंदलेली आहे. कथेंतील राजा पंधराव्या शतकांतला मानला जातो. म्हणजे घटना आणि लेख यांच्यामध्यें सुमारें चारशें वर्षांचें अंतर पडलें. एवढ्या काळांत मूळ गोष्टींत कशाची भर पडली आणि कशाची गळती झाली, हें ठरविण्याचें साधन आपल्या हातीं राहात नाहीं.

मग असा प्रश्न मनांत येतो कीं, जिच्या बाबतींत हें अंतर चारशें वर्षांचें नव्हे तर जेमतेम दहा वर्षांचें आहे, अशी एखादी चमत्कारकथा आपल्याला सांपडेल काय? तशी सांपडली तर दंतकथा जन्माला येते कशी, हें जवळून पाहतां येईल. अशी एक कथा महाराष्ट्रांतच आहे, आणि ती मध्ययुगीन ख्रिस्ती साधूंची आहे. वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला व १८६२ सालीं पोपनें त्याला संत म्हणून घोषित केलें, ही हकीकत पुष्कळांस माहीत असते. परंतु त्याच्याहि पावणेतीनशें वर्षें आधीं, म्हणजे पोर्तुगीजांचीं जहाजें हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षें, १३२१ च्या एप्रिल महिन्यांत ठाणें येथें चार ख्रिस्ती यति मारले गेले. त्यांची कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम त्या काळच्या संतचरित्रांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. युरोपांत अशा चरित्राला 'लेजेंदा' म्हणत. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'वाचावयाचें तें' एवढाच आहे. संताच्या पुण्यतिथीस त्याचें चरित्र मठांत मोठ्यानें वाचलें जाई. आपल्याकडे पोथी लावतात, त्यासारखाच तो प्रकार होता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत याकोबुस दे वोराजिने या डोमिनिकन यतीनें अशा चरित्रांचा 'लेजेंदा आउरेआ', म्हणजे 'सुवर्णकथा', नांवाचा संग्रह केला आणि त्याच्या शेंकडों हस्तलिखित प्रती युरोपभर पसरल्या. धर्मासाठीं प्राण देणाऱ्यास ख्रिस्ती लोक 'रक्तसाक्षी' म्हणतात. या संग्रहांतील रक्तसाक्ष्यांच्या कथांना एक ठराविक चाकोरी आहे. आधीं अधिकाऱ्यापुढें प्रश्नोत्तरें, मग छळ, मग छळांतून वांचविणारा चमत्कार, मग मृत्यु, मग आकाशांतील चिन्हें, मग मारेकऱ्यास शासन, आणि शेवटीं संताच्या अस्थींचें सामर्थ्य. या सात पायऱ्या श्रोत्यांनीं लक्षांत ठेवाव्या. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

दुसरी गोष्ट फ्रान्सिस्कन संघाची. असीसीच्या फ्रान्सिसनें हा भिक्षाव्रती यतींचा संघ स्थापिला. धर्मयुद्ध चालूं असतां १२१९ सालीं फ्रान्सिस स्वतः इजिप्तच्या सुलतानास, अल् कामिल यास, भेटावयास गेला होता. आपल्या धर्माचें सत्य दाखविण्यासाठीं अग्नींत प्रवेश करण्याची तयारी त्यानें दर्शविली, परंतु सुलतानानें ती मान्य न करितां त्याला सुखरूप परत जाऊं दिलें, असें बोनाव्हेंतुरानें १२६३ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत आहे. पुढच्याच वर्षीं, १२२० मध्यें, या संघाचे पांच यति मोरोक्कोंत इस्लामविरुद्ध उघड उपदेश करीत राहिले आणि त्यापायीं मारले गेले. त्यामुळें या संघांतील पुढील पिढ्यांसमोर दोन चित्रें कायमचीं उभीं राहिलीं : अग्नीपुढें उभा असलेला फ्रान्सिस, आणि मरण मागून घेणारे मोरोक्कोचे पांच बंधु.

अशा परंपरेंत वाढलेला तोलेंतीनोचा थॉमस हा आपल्या कथेंतील मुख्य पुरुष होय. इटलींतील हा यति संघाच्या दारिद्र्यव्रतांत कसलीहि सूट मानीत नसे, आणि या आग्रहामुळें त्याच्याच संघाच्या वरिष्ठांनीं त्याला कित्येक वर्षें बंदींत ठेविलें होतें. सुटका झाल्यावर त्याची रवानगी आर्मेनियाकडे झाली. चीनमध्यें एकाकीपणें काम करीत असलेल्या मोन्तेकोर्विनोच्या जॉनची पत्रें घेऊन तो १३०७ च्या सुमारास पोपकडे गेला होता. त्यानंतर वृद्धापकाळीं तो स्वतः पूर्वेकडे निघाला. त्याच्यासोबत पादुआचा जेम्स व सिएनाचा पीटर हे दोन यति आणि तिफ्लिसचा दिमीत्री हा भाषा जाणणारा सेवाव्रती बंधु होता. याच जहाजावर जोर्दानुस नांवाचा, दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराकचा, एक डोमिनिकन यतिहि होता. त्यांना मलबार किनाऱ्यावरील कोल्लम गांठावयाचें होतें. परंतु समुद्रानें त्यांना ठाण्यास आणून सोडलें.

त्या वेळीं ठाणें हें भरभराटीचें बंदर होतें. देवगिरीचें यादवराज्य १३१८ मध्यें हरपालदेवाच्या वधाबरोबर संपलें होतें. १३२० सालीं दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलख आला. ठाण्यास दिल्लीच्या बाजूचा अंमलदार आणि एक काजी असत. शहरांत पश्चिमेकडील नाना देशांचे व्यापारी येत. नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरेंहि तेथें होतीं. त्यांपैकीं एका घरीं या परदेशी यतींना आसरा मिळाला. जोर्दानुस भडोचकडील ख्रिस्ती लोकांना भेटण्यासाठीं पुढें गेला आणि चौघे ठाण्यांत राहिले.

यापुढील हकीकत मुख्यतः ओदोरिक या फ्रान्सिस्कन यतीची आहे. पोर्देनोनेचा हा प्रवासी घटनेनंतर थोड्याच वर्षांत ठाण्यास आला, तेथून चीनपर्यंत गेला आणि परत गेल्यावर १३३० सालीं पादुआ येथें त्यानें आपला वृत्तांत दुसऱ्याकडून लिहवून घेतला. तो सांगतो तें असें.

ज्या घरीं यति उतरले होते त्या घरांत नवराबायकोचें भांडण झालें व नवऱ्यानें बायकोला मारलें. ती फिर्याद घेऊन काजीकडे गेली. पुरावा विचारतांच तिनें, घरांत चार फिरंगी साधु आहेत त्यांना विचारा, असें सांगितलें. काजीनें त्यांना बोलावणें पाठविलें. पीटर सामानसुमानाच्या राखणीस घरीं राहिला आणि तिघे गेले. तेथें फिर्याद बाजूला राहून धर्मचर्चा सुरू झाली. येशू हा देव कीं मनुष्य, यावर वाद रंगला. शेवटीं काजीनें, आमच्या पैगंबरांविषयीं तुमचें मत काय, असें विचारलें. प्रथम त्यांनीं उत्तर टाळलें. पुनःपुन्हां विचारल्यावर थॉमसनें अत्यंत अपमानकारक असें उत्तर दिलें. लोक खवळले. तिघांना बांधून भर उन्हांत उभें केलें, पण कित्येक घटका लोटल्या तरी त्यांना कांहीं झालें नाहीं. मग मैदानांत मोठा अग्नि पेटवून जेम्सला त्यांत ढकललें. तो हात जोडून ज्वालांत उभा राहिला आणि त्याचा केसहि जळला नाहीं. दुसऱ्या वेळीं अंगाला तेल चोपडून त्याला अग्नींत टाकलें, तरीहि तो सुखरूप बाहेर आला. तेव्हां जमावांतूनच, हे साधुपुरुष आहेत, यांना दुखवूं नका, असा ओरडा झाला. मलिक म्हणजे तेथला अंमलदार यानें त्यांना सोडून खाडीपलीकडे पोंचविलें आणि हा मुलूख सोडून जा असें बजाविलें. परंतु रात्रीं काजीनें त्याचें मन फिरविलें आणि चार मारेकऱ्यांनीं जाऊन तिघांचा वध केला. तो दिवस गुरुवार, ९ एप्रिल १३२१, ईस्टरपूर्वीच्या झावळ्यांच्या रविवाराआधींचा होता. पीटर मागाहून सांपडला. छळ करूनहि तो धर्म सोडीना, म्हणून ११ तारखेस त्यालाहि मारलें.

आतां मघांच्या सात पायऱ्या आठवा. प्रश्नोत्तरें, छळ, चमत्कार, मृत्यु, सर्व क्रमानें आलें. वध होतांच आकाशांत प्रकाश पडून गडगडाट झाला, असें ओदोरिक सांगतो. म्हणजे पांचवी पायरीहि आली. अग्निपरीक्षेचा प्रसंग तर फ्रान्सिसच्या चरित्रांतून सरळ पुढें आलेला दिसतो. गुरूला जो अग्नि नाकारला गेला, तो शंभर वर्षांनीं शिष्याला ठाण्याच्या मैदानांत लाभला. ऐकणाऱ्या यतींना ही परिपूर्ति किती समाधानाची वाटली असेल, याची कल्पना प्रल्हादाची कथा ऐकत वाढलेल्या आपणांस सहज करतां येईल. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत घटना चाकोरींत बसली होती. दंतकथा व्हावयास शतकें लागत नाहींत. ऐकणाऱ्यांच्या मनांत सांचा आधींच तयार असला म्हणजे एक प्रवासहि पुरेसा होतो.

मग ओदोरिक खोटें बोलला काय? तसें म्हणतां येत नाहीं. याच ओदोरिकनें लिहून ठेविलें आहे कीं, ठाण्यास कुत्र्याएवढे उंदीर असतात व मांजराला ते आवरत नाहींत. युरोपांतील वाचकाला ही थाप वाटली असेल. पण ज्यानें आपल्याकडील घूस पाहिली आहे तो फार तर थोडी अतिशयोक्ति म्हणेल. तेथील कांहीं लोक मृतांना पुरीत नाहींत, उघड्यावर पशुपक्ष्यांसाठीं ठेवतात, असेंहि तो सांगतो. जोर्दानुसनेंहि आपल्या ग्रंथांत अग्निपूजक लोक व त्यांचे बिनछपराचे मनोरे वर्णिले आहेत. पारशी समाजाची ही बिनचूक नोंद होय. उलट हा मुलूख पूर्वीं शिकंदराशीं लढणाऱ्या पोरस राजाचा होता, असेंहि ओदोरिक बेलाशक लिहितो. डोळ्यांनीं पाहिलेलें तो बहुधा नीट सांगतो, आणि ऐकीव गोष्ट ऐकली तशी पुढें देतो. वधाच्या वेळीं तो ठाण्यांत नव्हता, हें विसरूं नये.

जोर्दानुस मात्र जवळ होता. त्याची दोन पत्रें उपलब्ध आहेत, एक ऑक्टोबर १३२१ चें, घोघा बंदरांतून लिहिलेलें, आणि दुसरें त्यानंतर दोन-अडीच वर्षांनीं ठाण्याहून लिहिलेलें. सोपाऱ्यास असतां त्याला ही वार्ता कळली. तो ठाण्यास परतला आणि तेथें भेटलेल्या एका तरुण जिनोवी माणसाच्या मदतीनें त्यानें चौघांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. या पत्रांचा सूर अगदीं वेगळा आहे. आपण एकटे पडलों आहोंत, भूक, आजार आणि लोकांची निंदा सोशीत आहोंत, बंधूंनो, कोणीतरी या, अशी विनवणी त्यांत आहे. कथेंतले चौघे तेजांत न्हालेले दिसतात. त्यांना मूठमाती देणारा पांचवा पत्रांतून थकलेला, घाबरलेला, पण काम न सोडणारा दिसतो. पुढें १३२९ मध्यें पोप बाविसावा जॉन यानें त्याला कोल्लमचा बिशप नेमलें.

सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथें अशोकाचा लेख सांपडला. येथेंच १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांनीं उकललेल्या स्तूपांत बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे करंडकांत जपून ठेविलेले आढळले. एका भिक्षूच्या पात्राचे अवशेष ज्या भूमीनें पोटांत घेतले होते, तींतच दुसऱ्या धर्माच्या चार भिक्षूंना जागा मिळाली.

पण त्या अस्थि तेथें राहिल्या नाहींत. ओदोरिक आला तेव्हां त्यानें त्या उकरून काढल्या, वस्त्रांत बांधल्या आणि बरोबर घेतल्या. वाटेंत एका घरीं गांठोडें उशाशीं घेऊन तो निजला असतां घराला आग लागली. तीन कोपरे जळले, पण तो होता तो कोपरा तेवढा उभा राहिला. पुढें कोल्लमच्या वाटेवर वारा पडला. हिंदूंनीं आपल्या देवांची प्रार्थना केली, मुसलमानांनीं आपली केली, तरी वारा सुटेना. मग खलाशी म्हणाले, तुम्ही प्रार्थना करा, नाहींतर तुमचीं हाडें समुद्रांत टाकूं. ओदोरिकनें त्यांतलें एक हाड गुपचुप नाळेपासून पाण्यांत सोडावयास लाविलें आणि वारा सुटला. अशा रीतीनें त्या अस्थि चीनमधील झैतून, म्हणजे हल्लींचें च्वान्चौ बंदर, येथील फ्रान्सिस्कन मठांत जाऊन पोंचल्या.

हें ऐकतांना मराठी मनाला एक दुसरी कथा आठवल्यावांचून राहात नाहीं. ठाण्याच्या घटनेनंतर अवघ्या सतरा वर्षांनीं, शके १२६०, इ. स. १३३८ मध्यें, मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालूं असतां भिंत कोसळून चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडला गेला. नामदेव त्याच्या अस्थि शोधावयास गेले. ढिगाऱ्यांत कोणाचीं हाडें कोणतीं हें कसें ओळखावें? ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनि ऐकूं आला तीं चोखोबाचीं, अशी परंपरा आहे. तीं पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधि बांधली. दोन्हीं कथांत चमत्कार वेगळे, पण कृति एकच आहे. दूर देशीं किंवा ढिगाऱ्याखालीं बेवारस पडलेल्या बंधूला त्याचाच एक सोबती शोधून काढतो आणि आपल्या माणसांत परत आणतो. ध्वनि ऐकूं आला कीं नाहीं, वारा सुटला कीं नाहीं, यावर इतिहासकारानें निकाल देऊं नये. मात्र कोणीतरी तीं हाडें वेंचलीं, यावर त्यानें निःशंक विश्वास ठेवावा. एवढें प्रेम होतें म्हणूनच चमत्काराला जागा मिळाली.

आतां शासनाची पायरी राहिली. कथा सांगते कीं, दिल्लीच्या बादशहानें मलिकाला बांधून नेऊन ठार केलें आणि काजी पळून गेला. हा भाग असा आहे कीं त्याचा उपयोग कोणी द्वेष पेटविण्यासाठीं करूं शकेल, म्हणून तो सावधपणें वाचावा. चाकोरीला दुष्टाचें शासन हवेंच असतें. त्यावरून एका समाजाचा न्याय करणें योग्य नव्हे. शिवाय याच कथेंत, साधूंना दुखवूं नका म्हणून ओरडणारे लोक ठाण्याचेच होते. वधानंतर मलिकाच्या स्वप्नांत हे यति तलवारी घेऊन आले, तेव्हां त्यानें त्यांच्या नांवें चार मशिदी बांधून तेथें मुसलमान धर्मगुरु नेमले, असेंहि ओदोरिक नमूद करतो. परधर्मी साधूचें पावित्र्य मान्य करण्याची ही वृत्ति आपल्या पीर-दर्ग्यांच्या देशांत कांहीं अनोळखी नाहीं. आणि मोरोक्कोचा आदर्श डोळ्यांपुढें ठेवून आलेल्या यतीनें मरण ओढवून घेतलें, हेंहि झांकून ठेवतां येत नाहीं.

शेवटीं, ज्या फिर्यादीवरून हें सर्व घडलें ती स्त्री. मार खाऊन ती न्याय मागावयास गेली होती. काजी, मलिक, यति, सर्व पुरुष धर्मचर्चेंत गुंतले आणि तिची फिर्याद तेथेंच राहिली. थॉमसला १८९४ सालीं पोप तेरावा लिओ यानें 'धन्य' ही पदवी दिली. ओदोरिकच्या कथेनें तिचें नांवसुद्धां नोंदलें नाहीं. मला वाटतें, हा धागा कथेंतील सर्वांत विश्वसनीय आहे. कारण संतचरित्राच्या चाकोरीला त्याची गरज नव्हती. जें कोणाच्या गौरवासाठीं घातलेलें नाहीं, तें बहुधा खरोखर घडलेलें असतें.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या श्रोत्यांना या दूरच्या कथेचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, त्यांच्या रानांतून अजून पुष्कळ कथा तोंडीं वावरत आहेत. वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें यमापासून वांचलेल्या मार्कंडेय ऋषीची आठवण सांगतात. भावांनीं ठार केलेल्या आणि अमृतानें पुन्हां उठलेल्या लिंगोचें गीत गोंडांचे परधान गात आले आहेत. तें गीत प्रथम कागदावर उतरविलें तें नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानें. १८६३ सालीं तो नदींत बुडून मरण पावला आणि त्याचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापलीं. एका धर्माच्या माणसानें दुसऱ्यांची संतकथा जपावी, याचें हें उदाहरण दूरचें नाहीं, घराजवळचें आहे.

ज्यांच्या घरीं, गांवीं किंवा देवळांत अशी कथा चालत आली असेल, त्यांनीं ती जशी ऐकली तशी लिहून ठेवावी. आणि खालीं तीन गोष्टी अवश्य नमूद कराव्या : ती कोणी सांगितली, कोणत्या सालीं सांगितली, आणि कोणत्या प्रसंगीं सांगितली. चमत्कार गाळूं नये, कारण लोकांना काय प्रिय होतें तें त्यांतून कळतें. आणि कथेच्या कडेला कोणी नांव नसलेलें माणूस उभें असेल, तर तेंहि गाळूं नये. ठाण्याच्या त्या स्त्रीची फिर्याद कोणीं ऐकली नाहीं, तरी ती लिहिली गेली म्हणून सातशें वर्षांनीं आपल्या कानीं आली.